जुन्या गिटारीची पारख

जुन्या वस्तूंच्या बाजारांत एखादी गिटार भिंतीला टेकून उभी असते. तारा गंजलेल्या, एक खुंटी मोडलेली, अंगावर धुळीचा थर. दुकानदाराला तिची किंमत चढवावयाची असते, गिऱ्हाइकाला ती पाडावयाची असते. आणि दोघेहि प्रथम एकाच ठिकाणीं पाहतात, तें म्हणजे दांडीच्या माथ्यावर लिहिलेलें नांव. नांव ओळखीचें निघालें तर किंमत वर जाते, अनोळखी निघालें तर खालीं येते. या सर्व व्यवहारांत वाद्याकडे कोणी पाहिलेलेंच नसतें. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत ज्या स्वस्त गिटारी तयार झाल्या, त्यांच्या बाबतींत तर माथ्यावरचें नांव हा सर्वांत दुबळा पुरावा होय. विकणाराचें नांव वर आणि घडविणाराची खूण आंत, असा तो मामला होता.

एका गिरणींत विणलेल्या ताग्यावर विकणाऱ्या पेढीनें स्वतःचा छाप मारावा, तसाच हा प्रकार. शिकागो येथें सीअर्स-रोबक आणि माँटगोमेरी वॉर्ड या टपालानें माल धाडणाऱ्या दोन प्रचंड पेढ्या होत्या. त्यांच्या जाडजूड सूचिपत्रांवरून खेड्यापाड्यांतील शेतकरी नांगर, चुली, शिवणयंत्रें आणि कपडे मागवीत. त्याच सूचिपत्रांत कांहीं पानें वाद्यांचीं असत. पेढ्यांनीं गिटारी विकल्या, पण त्यांवर नांवें घातलीं तीं स्वतः पाडलेलीं. सीअर्सच्या गिटारींवर आधीं ‘सुपरटोन’ आणि १९४० च्या पुढें ‘सिल्व्हरटोन’ हें नांव येऊं लागलें. वॉर्डच्या कित्येक गिटारींवर ‘रेकॉर्डिंग किंग’ असे. सिल्व्हरटोन हेंच नांव सीअर्सच्या रेडिओयंत्रांवरहि असे. यावरून त्या नांवाचा गिटार घडविण्याच्या कसबाशीं किती संबंध होता हें उघड आहे.

घडविणारे कारखाने निराळेच होते. त्यांतला सर्वांत मोठ्या पसाऱ्याचा म्हणजे शिकागोचा हार्मनी कारखाना. विल्हेल्म शुल्ट्झ नांवाच्या जर्मन कारागिरानें तो १८९२ सालीं काढला. पुढें हवाई बेटांच्या संगीताचें वेड अमेरिकेंत पसरलें, युकुलेलीला अतोनात मागणी आली, आणि तो सारा व्यापार हातीं यावा म्हणून सीअर्सनें १९१६ सालीं हा कारखानाच विकत घेतला. १९४० च्या सुमारास तो पुन्हां स्वतंत्र झाला आणि १९७५ च्या सुमारास बंद पडला. शिकागोंतच के आणि रीगल हे कारखाने होते. के कंपनीनें हें नांव १९३१ सालीं धारण केलें. त्यापूर्वीं तिचें नांव निराळें होतें. शेजारच्या मिशिगन राज्यांत कलमझू या गांवीं गिब्सन कंपनी होती. तिची प्रतिष्ठा फार मोठी. परंतु जागतिक मंदीच्या काळांत तिनेंहि लांकडी खेळणीं करून कामगारांच्या हातांना काम पुरविलें, आणि परक्या नांवांच्या स्वस्त गिटारी करून दिल्या. गिब्सनच्या कारखान्यांत झालेली गिटार ‘रेकॉर्डिंग किंग’ किंवा ‘क्रॉमवेल’ या नांवानें दुकानांत लटकत असे, आणि तिच्यावर गिब्सन हा शब्द कोठेंहि नसे.

म्हणून पारख करणारानें माथा सोडून पोटाकडे वळावें. यासाठीं दंतवैद्याजवळ असतो तसा लांब दांड्याचा लहान आरसा आणि एक बारीक विजेरी एवढें साहित्य पुरें होतें. गिटारीच्या तबलीला जें भोंक असतें, त्यांतून आंत उजेड सोडावा आणि आरसा हळूहळू फिरवावा. हार्मनीच्या गिटारींत पाठीच्या आंतल्या बाजूस शाईचा शिक्का आढळतो : इंग्रजी ‘एफ’ किंवा ‘एस’ हें अक्षर आणि त्यापुढें दोन आंकडे. ‘एफ-४२’ असा शिक्का असला तर ती गिटार १९४२ सालच्या शरद् ऋतूंतील. ‘एस’ हें अक्षर त्याच्या आधींच्या हंगामाचें मानतात. शिक्का पुष्कळदां इतका पुसट असतो कीं एका बाजूनें तिरपा उजेड टाकल्यावांचून तो दिसतच नाहीं. याशिवाय एक लांबलचक आंकडा असतो व त्याच्या मध्यें ‘एच’ हें अक्षर असतें. नवखा मनुष्य हा वाद्याचा अनुक्रमांक समजतो आणि त्यावरून वय काढूं पाहतो. वास्तविक ‘एच’ च्या पुढला आंकडा हा केवळ नमुन्याचा आंकडा आहे. त्या आंकड्याच्या गिटारी कित्येक वर्षें होत राहिल्या. गिब्सनच्या घरच्या गिटारींत दांडी जेथें धडाला मिळते त्या आंतल्या ठोकळ्यावर कामाच्या घाणीचा क्रमांक शाईनें उठविलेला असतो. वर नांव कोणतेंहि असो, असा क्रमांक दिसला कीं जाणत्या माणसाचें लक्ष एकदम वेधलें जातें.

नांव कसें चकवितें याचें सर्वांत बोलकें उदाहरण ‘स्टेला’ हें होय. न्यू जर्सी राज्यांतील जर्सी सिटी येथें ऑस्कर श्मिट यांचा कारखाना होता. स्टेला हें त्याच्या स्वस्त मालाचें नांव. हलकें बर्च लांकूड, त्यावर रंगानें काढलेल्या उंची लांकडाच्या रेघा, शिंपल्याच्या जडावाऐवजीं कागदी चित्राची पट्टी. दक्षिणेंतील काळ्या गवयांपाशीं पुष्कळदां हीच गिटार असे, कारण परवडणारी तीच होती. लेड बेली या नांवानें ओळखला जाणारा हडी लेडबेटर (१८८८–१९४९) याची बारा तारांची स्टेला प्रसिद्ध आहे. त्याच्या ध्वनिमुद्रिकांतील तो खर्जांतला घणघणाट या स्वस्त लांकडांतूनच निघालेला आहे. १९३९ सालीं स्टेला हें नांव हार्मनीनें विकत घेतलें. तेव्हांपासून शिकागोंत जी स्टेला होऊं लागली ती सर्वस्वी निराळी; शाळकरी मुलांना शिकावयास द्यावी अशी, लक्षावधि घरांत गेलेली. आज विकणारा दोन्हींना ‘जुनी स्टेला’ एवढेंच म्हणतो. आंत हार्मनीचा शिक्का दिसला तर लेड बेलीच्या कारखान्याची किंमत मागण्याचा त्याला अधिकार नाहीं. याचा अर्थ शिकागोची स्टेला टाकाऊ, असा मात्र नव्हे. तिचें धड पुष्कळ वेळां अखंड बर्चचें असतें, आणि आजच्या त्याच दर्जाच्या गिटारींत असतात तसे लांकडाचे चिकटविलेले थर नसतात.

एखादी गोष्ट नसणें हीहि खूण असते. पण ती जपून वाचावी लागते. गिब्सनच्या दांडींत एक पोलादी सळई असे. तारांच्या ओढीनें दांडी वांकूं लागली तर ती पिळून सरळ करतां येई. ही युक्ति त्या कारखान्याची, १९२३ सालीं तिला पेटंट मिळालें. सळईचें तोंड माथ्यावर एका लहान घंटेच्या आकाराच्या झांकणाखालीं असतें. मंदीच्या काळांत गिब्सननें ‘कलमझू’ हें गांवाचेंच नांव देऊन स्वस्त गिटारी काढल्या, त्यांत ही सळई घातली नाहीं. म्हणून झांकण नाहीं, म्हणजे गिब्सनचें काम नाहीं, असा तर्क करणारा फसतो. कलमझूच्या केजी-१४ या नमुन्याचा बाह्याकार गिब्सनच्या एल-डबल-झीरो या नमुन्यासारखा आहे. लांकडें त्याच वखारींतलीं, हात तेच. ब्लूज गाणारा रॉबर्ट जॉन्सन (१९११–१९३८) याचीं छायाचित्रें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांतील एकांत त्याच्या हातीं असलेली गिटार कलमझू असावी असा अनेक जाणकारांचा तर्क आहे.

परंतु पुढें दुसरें महायुद्ध आलें, धातूची टंचाई झाली, आणि खुद्द गिब्सनचें नांव मिरविणाऱ्या कित्येक गिटारींतूनहि ती सळई नाहींशी झाली. म्हणजे तीच उणीव एकदां काटकसरीची निशाणी आणि एकदां युद्धाची. युद्धकाळांत त्या कारखान्यांतील बहुतेक पुरुष लढाईवर गेले आणि बाकांवर स्त्रिया बसल्या. कंपनीच्या इतिहासांत या कामाचा उल्लेख जवळजवळ नव्हताच. त्या वर्षांत वाद्यें फारशीं झालींच नाहींत, असें सांगण्यांत येई. जॉन थॉमस या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकानें या स्त्रियांचा शोध केला. ज्या हयात होत्या त्यांपैकीं कांहींच्या मुलाखती घेतल्या, कारखान्याच्या वह्या पाहिल्या, गिटारींचीं क्ष-किरणांनीं छायाचित्रें काढलीं, आणि हजारों गिटारी त्या काळांत त्या हातांनीं झाल्या हें दाखवून दिलें. या स्त्रियांचीं नांवें कोणत्याहि माथ्यावर नाहींत. त्यांनीं तासलेल्या पट्ट्या मात्र तबलीखालीं आजहि जागच्या जागीं आहेत. जुन्या गिटारीचें पोट जपून ठेवावें असें जें म्हणतात त्याचें कारण हेंच. हौसेपेक्षां तें अधिक गंभीर आहे.

आतां त्या पट्ट्यांविषयीं. सतारीच्या तबलीप्रमाणेंच गिटारीची तबलीहि पातळ असते, आणि तारांचा ताण सोसावा म्हणून तिला आंतून लांकडी पट्ट्या चिकटवितात. त्यांची मांडणी दोन तऱ्हांची. एक मांडणी फुलीसारखी, दोन पट्ट्या एकमेकींना छेदून गेलेल्या. अमेरिकेंत मार्टिन घराण्याच्या कारखान्यानें ती एकोणिसाव्या शतकांत रूढ केली. दुसरी शिडीच्या पायऱ्यांसारखी, सर्व पट्ट्या आडव्या. शिडीची मांडणी करण्यास सोपी आणि स्वस्त. म्हणून सूचिपत्रांतील गिटारींत बहुधा तीच. कलमझूच्या केजी नमुन्यांतहि तीच आहे. फुलीच्या मांडणीचा स्वर भरदार, खर्ज खोल, आंस लांब. शिडीच्या गिटारीचा स्वर चटकन् उमटतो, थोडा कोरडा, मधल्या सप्तकांत ठसठशीत, आणि लौकर विरतो. हा दोष आहे असें शंभर वर्षें सांगण्यांत आलें. पण गलबल्यांत एकट्यानें गाणाराला नेमका असाच आघात हवा असतो. बोटांनीं निराळे निराळे स्वर छेडणाराला तर लांब आंसेची अडचणच होते, कारण एक स्वर दुसऱ्यावर सांडत नाहीं हें त्याला पाहिजे असतें. लेड झेपेलिन या इंग्रज मेळाचा जिमी पेज याच्यापाशीं वाटेल ती गिटार घेण्याचें सामर्थ्य होतें. तरी १९७० च्या सुमारास त्यानें हार्मनीची शिडीच्या मांडणीची ‘सॉव्हरिन’ गिटार ध्वनिमुद्रणास वापरली.

अलीकडे अशा गिटारी घेऊन त्यांची तबली उकलावयाची, आडव्या पट्ट्या काढून फेंकावयाच्या आणि फुलीच्या पट्ट्या बसवावयाच्या, अशी एक रीत पडली आहे. तबली आधींच फुटलेली असेल आणि पट्ट्या सुटून गेल्या असतील, तर त्या दुरुस्तीला नांवें ठेवूं नयेत. पण धडधाकट वाद्याच्या बाबतींत हा खटाटोप निव्वळ अविचार होय. फुलीच्या मांडणीच्या गिटारी जगांत उदंड आहेत. ज्याला त्या हव्या असतील त्यानें त्याच घ्याव्या.

विचित्र वाटणारी आणखी एक गोष्ट कधीं कधीं आढळते. तारा खुंट्यांकडून येतांना दांडीच्या टोंकाशीं ज्या पट्टीवरून जातात, ती पट्टी अवाजवी उंच असते. इतकी कीं बोटानें तार पडद्यावर दाबतांच येत नाहीं. कोणी अडाण्यानें बिघडविलेली गिटार म्हणून गिऱ्हाईक ती खालीं ठेवतें. ही हवाई पद्धतीची खूण आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवीत वाजवावयाचें, म्हणून तारा उंच. कांहीं गिटारींत ही उंची एका सुट्या धातूच्या टोपणानें आणलेली असते व तें काढलें कीं साधी गिटार हातीं येते. कांहींची दांडीच मुळांत चौकोनी, ती दुसऱ्या रीतीनें वाजविण्यासारखी नसतेच. पडदे पाहिल्यास खात्री पटते. बोटांनीं वाजविलेल्या गिटारीच्या पडद्यांवर तारांच्या खांचा पडलेल्या असतात. मांडीवरच्या गिटारीचे पडदे साठ वर्षांनींहि कोरे.

हिंदुस्थानांतील जुन्या घरांतून जी गिटार निघते ती या जातीची निघण्याचा संभव बराच असतो. हवाई बेटांतील वादक टाउ मो हा १९४० नंतरच्या दशकांत आपल्या कुटुंबासह कलकत्त्यास राहिला होता आणि त्याच्यापासून तेथील अनेकांनीं ही विद्या उचलली. मुंबईंत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनीं बोलपटांतील गाणीं विजेच्या गिटारीवर वाजविलीं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या, आणि तशी गिटार शिकण्याची हौसहि त्यांबरोबर गेली. ब्रिजभूषण काब्रा यांनीं तर या मांडीवरच्या गिटारीवर राग मांडले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बांसरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. आजोबांच्या कपाटावर पडलेल्या गिटारीची ती उंच पट्टी ‘दुरुस्त’ करून घेण्यापूर्वीं घरच्यांनीं इतकें तरी ध्यानीं घ्यावें.

विजेच्या स्वस्त गिटारींचा विस्तार मोठा आहे. येथें एकच पुरे. न्यू जर्सीतील नेथन डॅनियल हा डॅनइलेक्ट्रो या नांवानें गिटारी करी व सीअर्सला सिल्व्हरटोन म्हणून पुरवी. लांकडी चौकटीवर दाबलेल्या भुशाचा पातळ तक्ता, आणि तारांचा कंप टिपणारें लोहचुंबक चक्क ओंठांच्या रंगाच्या नळकांडींत बसविलेलें. १९६२ पासून त्यानें अशी गिटार काढली कीं तिची पेटी हाच तिचा ध्वनिवर्धक. दोन्हींची किंमत मिळून सत्तर डॉलरांच्या आंत. हसूं येतें, पण तिचा कांचेसारखा लखलखीत स्वर दुसऱ्या कशांतून निघत नाहीं. फक्त अशा जुन्या ध्वनिवर्धकाची कळ कोणी दाबूं नये. अमेरिकेंतील वीज ११० ते १२० व्होल्टांची, येथील २३० ची; शिवाय त्या काळच्या कित्येक स्वस्त यंत्रांत वीज अलग ठेवणारा ट्रान्सफॉर्मरच नसे, आणि धातूच्या तारांना हात लावणाऱ्याच्या जिवाशीं गांठ पडे. माहितगार कारागिराकडून तपासल्याखेरीज तें यंत्र बंदच असूं द्यावें.

घेतांना नांव, वय, कारखाना यांपेक्षां एक गोष्ट आधीं पाहावी, ती दांडीचा कल. एक लांब सरळ पट्टी पडद्यांवरून घोडीच्या दिशेनें ठेवावी. तिचें टोंक घोडीच्या माथ्याला येऊन लागलें तर ठीक. टोंक घोडीच्या अंगावर खालीं आदळलें, तर तारांच्या ओढीनें दांडी पुढें झुकली आहे असें समजावें. ती काढून पुन्हां बसविण्याचा खर्च बहुधा गिटारीच्या किंमतीहून अधिक येतो. ही दुरुस्ती होऊं शकते ती सरसामुळें. जुने कारागीर जनावरांच्या कातड्याचा सरस वापरीत. ऊब आणि वाफ दिली कीं तो सुटतो आणि सांधा न मोडतां उकलतो. मध्यंतरीं कोणीं तेथें आधुनिक रासायनिक डिंक ओतला असेल, तर तो सांधा उघडणें महाकठीण. सांध्याभोंवतीं कांचेसारखा चकाकणारा ओघळ दिसला कीं गिटार खालीं ठेवावी. तबलीवर बोटाच्या पेरानें हलकें ठोकावें. आंत कोठें खुळखुळलें तर पट्टी सुटली आहे, पण तें काम लहान आहे. रंग नंतर फासला असल्यास अतिनील किरणांच्या दिव्याखालीं जुना आणि नवा थर निरनिराळे चमकतात. खुंट्या बदलल्या असल्या तर जुन्या खुंट्यांच्या पायाचे ठसे व खिळ्यांचीं भोंकें माथ्याच्या मागें राहिलेलीं असतातच.

वाद्य घरीं आणल्यावर प्रथम घासपूस करण्याचा मोह होतो. पाठीच्या आंतला शिक्का ओल्या फडक्याच्या एका हातासरशीं जातो, म्हणून पोटांत ओलें फडकें कधींच घालूं नये. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ काढावी, आणि दुरुस्तीला देण्यापूर्वीं शिक्के, आंकडे व पट्ट्या यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. कारागिरानें काढलेल्या जुन्या खुंट्या, घोडी आणि खिळे टाकून न देतां एका पिशवींत बांधून पेटींतच ठेवावे.